परत घेतलेली दोन अक्षरं

विमलाक्कांची अंगणवाडी आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. नऊ इंची, आतून गिलावा केलेली. तिच्यातून शब्द स्पष्ट ऐकू येत. सुट्टीच्या किंवा रजेच्या दिवशी मी घरी असलो की सकाळी साडेदहाच्या सुमारास पलीकडून खोटं बोलणं सुरू होई.

"एक होतं मांजर. ते दारात बसून भुंकायचं."

लगेच वीस-एक पोरं ओरडत, "न्हाई! मांजर भुंकत न्हाई!"

"मग काय करतंय?"

"म्यांव करतंय!"

"व्हय का? बरं. ते मांजर म्यांव करत करत झाडावर पोहायला गेलं."

पुन्हा ओरडा. अशी एक गोष्ट संपायला पाऊण तास लागे. एकदा मी मोजलं तर एका गोष्टीत अक्का चौदा ठिकाणी खोटं बोलल्या होत्या आणि पोरांनी तेरा थापा धरल्या. चौदावी मलाही नंतर कळली. बैलाला त्यांनी वरच्या जबड्यात पुढचे दात दिले होते. बैलाला ते नसतात.

मी सीमाभागातल्या औरादच्या तालुका कचेरीत पीकपेऱ्याचे आकडे जमवतो. कुठल्या शिवारात तूर किती, सोयाबीन किती, हे कागदावर आणायचं काम. आमच्या खात्यात एक नियम आहे: शेत बघितलं नसेल तर आकडा लिहायचा नाही. सगळे तो पाळतात असं नाही. मी पाळतो. एकदा गप्पांच्या ओघात हे मी अक्कांना सांगितलं होतं. पुढे त्यांनी ते माझ्यावरच वापरलं.

त्या मला अण्णा म्हणत आणि मी त्यांना अक्का. दोघांचाही अर्थ कानडीत थोरला किंवा थोरली. त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या होत्या, पण हा हिशेब दोघांपैकी कुणीही काढला नाही. उंची बेताची, आवाज उंचीपेक्षा बराच मोठा. पदर कमरेला खोचलेला आणि त्या खोचणीत खडूचा तुकडा. पोरं त्यांना टीचर म्हणत. दहावी झाली होती मराठी शाळेत, इथल्याच. कानडी त्या पाण्यासारखी बोलत, पण वाचायची वेळ आली की बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचत. मराठी भागातल्या आमच्या वयाच्या बऱ्याच जणांचं असंच आहे. नोकरीत मला खात्याची परीक्षा द्यावी लागली म्हणून मला कानडी लिहिता येतं. अक्कांवर तशी वेळ आली नव्हती.

त्यांच्याकडे येणारी पोरं घरून निरनिराळ्या भाषा घेऊन येत. बहुतेक मराठी, तीन-चार दख्खनी, दोन तेलुगू, कधी एखादं लमाणी. पाणी मागताना कुणी पाणी म्हणे, कुणी नीरु, कुणी नीळ्ळु. अक्का तिघांनाही पाणी देत. देताना स्वतः तिन्ही शब्द म्हणत, जणू गिऱ्हाइकाला माल दाखवतायत. "असं म्हण, तसं म्हणू नको" हे मी भिंतीतून कधीच ऐकलं नाही. पोराने "पानी दे" म्हटलं की त्या "पाणी हवंय? घे पाणी," म्हणत आणि पुढे जात. पोरांपुढे चूक हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. त्याऐवजी त्या म्हणत, "हं. परत बघू."

पालकांची तक्रार वेगळी असे. ए बी सी डी कधी सुरू होणार? अक्का म्हणत, "आधी बोलू तर द्या. बोलायला नसेल तर लेकरू वाचून काय करील, तहसील चालवील?"

त्यांची एक पद्धत मला सुरुवातीला कळली नव्हती. कानडीत जेवणाला ऊट म्हणतात. नवं पोर पहिल्या आठवड्यात ऊट ऐकलं की उठून उभं राहतं, कारण मराठीत त्याला 'ऊठ' ऐकू येतं. दुसरं कुणी असतं तर पोरांना बसवून अर्थ समजावला असता. अक्कांनी नियमच केला. ऊट म्हटलं की सगळ्यांनी उठायचं, रांगेत जाऊन हात धुवायचे, मग जेवायला बसायचं. त्यामुळे दोन्ही शब्द खरे ठरले. एकदा खात्याच्या सुपरवायझर मॅडम आल्या. कानडी भागातल्या, स्वभावाने चांगल्या. कौतुकाने त्यांनी पोरांना विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का? सगळी पोरं उठली आणि हात धुवायला निघून गेली. मॅडम रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या. अक्का म्हणाल्या, "शिस्त आहे, मॅडम."

आता अक्षरांचं.

अक्कांनी ठरवलं की पोरांना अक्षरांची ओळख त्यांच्या नावातून करून द्यायची. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी खिळ्याला टांगायची, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कानडीत. आलेल्या पोराने आपली चिठ्ठी ओळखून उलटायची. ही त्याची हजेरी. पुढे काही मराठी शाळेत जाणार, काही कानडी. दोन्हीकडे आपलं नाव आपल्याला वाचता यावं, एवढाच हेतू. मराठी बाजू त्या स्वतः लिहिणार होत्या. कानडीसाठी त्यांना अक्षरांचे पत्ते हवे होते, एकावर एक अक्षर, मागे तेच मराठीत, म्हणजे बघून नावं जुळवता येतील. काना-वेलांट्या त्यांना येत होत्या. माझं अक्षर चांगलं आहे असं त्या म्हणाल्या. ते आहेच.

मी शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून चौतीस पत्ते केले, कानडीत व्यंजनं चौतीस म्हणून. एका रविवारी सकाळी चौतीस पुढच्या बाजू लिहिल्या आणि वाळायला चटईवर मांडल्या. जेवणानंतर चौतीस मागच्या बाजू. मध्ये पत्नीने पानं मांडायला चटई उचलली आणि नंतर पत्ते परत लावून ठेवले. मी तिला दोष देत नाही. मागची बाजू लिहिताना पुढची बघणं हे माझं काम होतं. मी रांगेवर विश्वास ठेवला.

कानडीतला प आणि व जुळे आहेत. पोट सारखं. व चं डोकं झाकलेलं असतं आणि प चं उघडं, एवढाच फरक. मी प च्या मागे व लिहिला आणि व च्या मागे प.

ते वर्षभर कुणालाच कळलं नाही. सुपरवायझर मॅडम येऊन गेल्या, त्यांना भिंतीवरच्या चिठ्ठ्या आवडल्या. हजेरी झाली होती, त्यामुळे चिठ्ठ्यांची मराठी बाजू वर होती.

जूनमध्ये त्या तुकडीतली पोरं पहिलीत गेली. एका आठवड्याने पल्लवी नावाच्या मुलीची आई तिला हाताला धरून अंगणवाडीत आली. पल्लवीने कानडी शाळेत पहिल्या दिवशी फळ्यावर स्वतःचं नाव लिहून दाखवलं होतं. तिथल्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "वल्लपी कोण?" त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव वल्लपी झालं होतं.

अक्का आमच्या दारात आल्या. हातात पल्लवीची चिठ्ठी, कानडी बाजू माझ्याकडे.

"अण्णा, हे वाचा बरं."

मी वाचलं, "वल्लपी."

वाचताना मला काहीच वावगं वाटलं नाही. जे लिहिलं होतं ते मी नीटच वाचत होतो. अक्कांनी मग कमरेच्या पिशवीतून दोन पत्ते काढले आणि माझ्यासमोर आधी पुढून, मग मागून धरले. मी दोन्ही बाजू दोनदा बघितल्या. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत माझा एकही आकडा परत आलेला नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. "परत बघू."

त्या तुकडीत पोरं होती एकोणीस. अक्कांनी यादी काढली आणि म्हणाल्या की एकोणीस घरी जाऊन ही दोन अक्षरं परत घ्यायची आहेत. मी म्हणालो की ज्या सात जणांच्या नावात प किंवा व आहे तेवढ्यांकडे जाऊ. त्यांना ते पटलं नाही. नावात नसलं तरी पोरांनी एकमेकांची नावं वाचली होती. रोज वाचली होती.

सुपरवायझर मॅडमना हे कुठून तरी कळलं आणि त्यांनी फोन केला. अक्का फोन नेहमी लांब धरून बोलत, त्यामुळे पलीकडचं मला भिंतीतून ऐकू आलं. मॅडम त्यांच्या भल्यासाठीच सांगत होत्या. शाळेत गेल्यावर पोरांचं आपोआप सुधारतं, तुम्ही गप्प बसा. दारोदार जाऊन सांगाल तर वरपर्यंत जाईल की टीचरला कन्नड वाचता येत नाही, आणि मग केंद्र दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, कशाला?

अक्का म्हणाल्या, "मॅडम, गोष्टीत मी चुकते तेव्हा पोरं मला धरतात. तो खेळ आहे. हे त्यांना धरता आलं न्हाई. म्हणजे ही खरी चूक आहे. ही तिथंच ठेवता येत न्हाई."

फोन ठेवल्यावर त्या बाहेर आल्या. तोवर मी कंपाउंडपाशी आलो होतो. मी म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर आणि सांगतो की पत्ते मी लिहिले.

"तुमी कामून? लिहिलं तुमी. शिकवलं मी."

"पण तुमचं केंद्र जाईल."

"गेलं तर गेलं. लेकरांच्या डोक्यात राहिलेलं कुठं जातंय?"

तरीही मी पहिल्या संध्याकाळपासून बरोबर गेलो. त्यांनी मला दर घरी दारातच थांबवलं आणि पिशवी धरायला दिली. त्यामुळे पुढचं सगळं मी दारातून बघितलेलं आहे.

प्रत्येक घरी त्या एकच करत. मी नव्याने लिहून दिलेले दोन पत्ते पोरासमोर जमिनीवर ठेवत आणि सांगत, "ह्या दोघांनी गंमत केली. वर्षभर एकमेकाचं नाव सांगून आपल्याला फसवलं. आता तू धर त्यांना." मग पोराने स्वतःच्या हाताने पत्त्यांच्या जागा बदलायच्या, डोकं झाकलेलं ते व, डोकं उघडं ते प. मग प्रत्येकाचं नाव वाचायचं, आपलं आणि दुसऱ्यांचंही. दहा-पंधरा मिनिटं लागत. त्यानंतर त्या घरातल्या मोठ्यांकडे वळून म्हणत, "माझ्याकडून चुकलं होतं. परत घेतलं."

एका घरची आजी हसत सुटली. "प काय अन् व काय, माय, माझ्या अंगठ्याला दोन्ही सारखेच." अक्का म्हणाल्या, "मावशी, तुमी बी या खाली बसायला. पत्ते आहेतच." आजी बसली. व तिला लगेच आला.

पल्लवीने आपलं नाव नीट लिहून दाखवलं आणि मग विचारलं, "टीचर, वल्लपी मोडून टाकायचं का?"

"तुला पायजे का?"

"व्हय. चांगलं हाय."

"मग घरी ठेव. शाळेत नेऊ नको."

तिसऱ्या संध्याकाळी कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरी मात्र त्यांना बसा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे वर्षभर आमच्या लेकराला चुकीचं शिकवलंव?"

"सगळं न्हाई. दोन अक्षरं."

"दोन काय अन् चाळीस काय. तुम्हाला येत न्हाई तर शिकवायलाव कामून?"

"येत न्हाई म्हणूनच आलेय," अक्का म्हणाल्या. "येत असतं तर मला कळलंच नसतं का? लेकराला बोलवा, दहा मिनिटं द्या. मग काय लिहायचं ते लिहा माझ्यावर."

त्यांनी दहा मिनिटं दिली. मग लिहिलंही. अर्ज वर गेला.

पंधरा दिवसांनी मॅडम पुन्हा आल्या. त्या दिवशी मी रजा काढली होती. मी कारण 'घरगुती' लिहिलं. भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला. त्या कानडीत म्हणत होत्या की भिंतीवरचा हा पोषण आहाराचा तक्ता मला वाचून दाखवा. मी भिंतीच्या जवळ सरकलो. मग अक्कांचा आवाज, एकेक अक्षर, बोट ठेवून वाचतायत हे आवाजावरून कळत होतं. तिसऱ्या शब्दाला त्या थांबल्या. एक पोर हळूच म्हणालं, "डोकं उघडं हाय, टीचर." अक्का म्हणाल्या, "हं. प." आणि पुढे गेल्या. सगळा तक्ता वाचायला अकरा मिनिटं लागली. शेवटच्या ओळीत ऊट शब्द होता. तो वाचल्यावर पोरं उठून हात धुवायला गेली.

मॅडमनी वर काय लिहिलं ते मला माहीत नाही. केंद्र अक्कांकडेच राहिलं. एवढं बघितलं, एवढंच सांगतो. त्यानंतर मात्र अक्का दुपारी पोरं गेल्यावर आमच्याकडे येऊन रोज एक पान कानडी वाचत. मी दुरुस्त करायचो नाही. मी म्हणायचो, "हं. परत बघू." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

चार संध्याकाळींत अठरा घरं झाली होती. एकोणिसावं राहिलं. पूजा. तिचे वडील गवंडी होते आणि काम जिकडे, तिकडे बिऱ्हाड नेत. उन्हाळ्यातच ते औराद सोडून गेले होते. त्यांच्या नंबरावर फोन केला की एक बाई कानडीत सांगायची की हा क्रमांक अस्तित्वात नाही. अक्का ते दर वेळी शेवटपर्यंत ऐकत. "बोलते चांगलं," असं म्हणत आणि फोन ठेवत.

यादी त्यांनी अंगणवाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली होती. अठरा नावांपुढे खूण. एकोणिसावं रिकामं. नवी पोरं आली, गेली. यादी तिथेच राहिली. पूजाच्या नावाची सुरुवातच प ने. म्हणजे जिथे कुठे असेल तिथे ती स्वतःला वूजा लिहीत असण्याची शक्यता होती.

दोन वर्षं गेली. एका आठवडी बाजारात अक्कांना पूजाची आत्या भेटली. ती म्हणाली, ते लोक मुडबीला आहेत, बसवकल्याणच्या बाजूला. शाळेच्या बांधकामावर. अक्का रविवारी निघायचं म्हणाल्या. मी हिशेब मांडला. औरादहून बीदर, तिथून दुसरी बस, पुढे कदाचित तिसरी. जाण्यायेण्यात दिवस. शिवाय पूजा आता तिसरीत असणार. तिथल्या बाईंनी केव्हाच सुधारलं असणार.

"असेल," अक्का म्हणाल्या.

"असेल काय, असणारच. दोन वर्षांत कोणत्याही शाळेत ही चूक टिकत नाही."

"अण्णा, तुमी शेत बघितल्याबिगर आकडा लिहिताव का?"

मी बसच्या वेळा बघून दिल्या.

त्या सकाळी सहाच्या बसने गेल्या आणि दिवेलागणीला आल्या. साडी धुळीने भरलेली. पाणी प्यायल्या. मी विचारलं, "भेटली?"

"भेटली. उंच झालीय."

"आणि अक्षर?"

"तिच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सुधारलं म्हणे. चांगलं लिवते. माझ्यापेक्षा चांगलं."

"म्हणजे फेरी वायाच गेली."

"कामून? आता बघितलं की."

दुसऱ्या दिवशी एकोणिसाव्या नावापुढे खूण होती. मी जाऊन बघून आलो.

पुढच्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या आणि मुलीकडे उदगीरला राहायला गेल्या. निघताना त्यांनी मला चौतीस पत्त्यांची पेटी दिली. नव्या टीचरला द्या म्हणाल्या. मी मोजले. चौतीस भरले, दुरुस्त जोडीसह. जुनी, अदलाबदल झालेली जोडी त्यात नव्हती. ती कुठे आहे हे मी पूर्वीही दोनदा विचारलं होतं. मला ती फाडून टाकायची होती. त्यांनी दोन्ही वेळा विषय बदलला होता.

मी बसस्टँडवर सामान चढवायला गेलो. बोचकं एक, पिशव्या दोन. त्या खिडकीशी बसल्या. ड्रायव्हर चहा पीत होता. त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला, एक पत्ता काढला आणि खिडकीच्या गजांतून माझ्यासमोर धरला, पोरांसमोर धरत तसा, न बोलता.

मी नीट बघितलं. डोकं झाकलेलं होतं.

"व," मी म्हणालो.

त्यांनी पत्ता उलटा केला. मागे प होता. अक्षर माझंच होतं, सुबक, रेघेवर.

"हं," त्या म्हणाल्या आणि पत्ता परत पिशवीत ठेवून दिला. तोवर ड्रायव्हर आला होता.